तंजावरचं मोठं देऊळ

मान किती मागे टाकावी? आमच्या रबाळ्याला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कंपन्यांच्या काचेच्या इमारती रोज दिसतात. त्यांच्यापुढे थांबावंसं कधी वाटलं नाही. इथे मात्र दुसऱ्या गोपुरातून आत आले आणि पाय जागीच थबकले. समोर लाल मातीवर मधाच्या रंगाचा एक डोंगर उभा आहे. डोंगर कसला, शिखर! तेरा मजल्यांचं, सुमारे २१६ फूट उंच, पायापासून माथ्यापर्यंत दगडाचं. आणि गंमत म्हणजे हा सगळा मुलूख कावेरीच्या गाळाचा. सह्याद्रीसारखा दगड कुठेही नजरेला पडत नाही, सगळीकडे भातशेती. एवढा दगड लांबून आणून राजराज चोळाने १०१० साली हे बृहदीश्वराचं देऊळ पुरं केलं. गावकरी त्याला नुसतं मोठं देऊळ म्हणतात.

वेरूळचं कैलास मी पाहिलंय. तिथे कळसापासून पायाकडे डोंगर कोरत आणला. इथे उलट, सपाट जमिनीवर डोंगर रचला! आणि आमचं अंबरनाथचं शिवमंदिर, शिलाहारांचं, १०६० सालचं. म्हणजे या देवळाहून अवघ्या पन्नास वर्षांनी धाकटं. तिथे पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, वर मोडक्या शिखरातून आभाळ दिसतं. इथे पायऱ्या चढून वर जायचं, आणि दूर काळोखात दिव्यांच्या उजेडात जे शिवलिंग दिसतं ते इतकं प्रचंड की पिंडी हा शब्द ओठांवर येईना. आपल्याकडे कितीतरी शिवमंदिरांत आपल्या हाताने पिंडीवर पाणी घालता येतं. इथे गाभाऱ्यात फक्त पुजाऱ्यांनी जायचं. आपण लांबून हात जोडायचे आणि विभूती कपाळाला लावून बाहेर यायचं.

कथा तर विचारूच नका. शिखराचा माथा म्हणजे ऐंशी टनांची एकच शिळा, ती मैलोन्‌मैल लांबीचा उतार बांधून वर चढवली, असं सांगतात. सावली जमिनीवर पडत नाही असंही सांगतात. ती पडते, मी अंगणात तिच्यातच बसले होते. मला आवडली ती ताक विकणाऱ्या म्हातारीची कथा. पाथरवटांना ती रोज ताक पाजायची. देऊळ पुरं झालं तेव्हा शंकर राजाच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, त्या म्हातारीने दिलेल्या सावलीत मी सुखात आहे. राजाने शोध घेतला, तर गाभाऱ्यावरचा एक दगड तिच्या दारातून आलेला! केवढा चक्रवर्ती राजा, आणि कथा मान देते ती ताकवालीला.

नंदी एकाच दगडाचा, बारा फूट उंच, वीसएक फूट लांब. तो नायक राजांच्या काळातला. तो वाढतच चालला होता म्हणे, म्हणून पाठीत खिळा ठोकून थांबवला. प्रदोषाच्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर गर्दीत उभी राहिले. नादस्वरम सुरू होतं, तविल घुमायला लागतो. पुजारी वर चढलेत. पहिली दुधाची धार काळ्या पाठीवरून ओघळते आणि हजारो गळ्यांतून एकच आवाज उठतो. दूध, दही, नारळाचं पाणी, मग हळद! काळा नंदी बघता बघता पिवळाजर्द होतो, जेजुरीच्या सोमवतीला गड होतो तसा. मग चंदन, मग विभूती, आणि शेवटी पाण्याखाली पुन्हा काळा लख्ख. मोगरा, कापूर, ओला दगड यांचा मिळून एक वास अंगणभर. पायाखालची फरशी अजून उन्हाने तापलेली.

मट्टू पोंगलला, आपल्या संक्रांतीच्या लगेच पुढे, याच नंदीला वांगी, भोपळे, गाजरं, फळं आणि मिठाईने मढवतात. भाजीपाला टनाच्या हिशेबात लागतो! गावात त्या दिवशी गाईबैलांची शिंगं रंगवतात. आमचा पोळाच हा, फक्त थंडीतला. कोजागिरी किंवा त्रिपुरीच्या सुमारास ऐप्पसी महिन्याच्या पौर्णिमेला ते महाकाय लिंग शिजवलेल्या भाताने झाकतात आणि तोच भात प्रसाद म्हणून वाटतात. त्याच महिन्यात राजराजाच्या जन्मनक्षत्राचा, शततारकेचा, उत्सव होतो. हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा वाढदिवस गाव अजून विसरलेलं नाही. आषाढात आपल्या दिंड्या पंढरीच्या वाटेवर असतात तेव्हा इथे वाराही देवीचं नवरात्र असतं. एके दिवशी हळदीची पूजा, एके दिवशी कुंकवाची, एके दिवशी डाळिंबाच्या दाण्यांची. कित्येक दशकं थांबलेला चैत्रातला रथोत्सव २०१५ पासून पुन्हा निघतो.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते दगडावरच्या अक्षरांनी. राजराजाने स्वतःचं दान कोरवलंच, थोरल्या बहिणीचं, राण्यांचं, इतरांचंही कोरवलं. देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तिकांची नावं आहेत. कोण कुठल्या देवळातून आली, कुठल्या आळीत तिचं कितवं घर, सगळं आहे. देवापुढे पदं गाणाऱ्या अठ्ठेचाळीस जणांची आणि त्यांच्या दोन वादकांची नेमणूक आहे. आपल्याकडे टाळकऱ्याचं नाव कोण दगडावर लिहितं? इथे हजार वर्षं टिकलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे गेले. तिथल्या भिंतीवर मराठी! ओळीमागून ओळ, भिंतभर, देवनागरीत. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजांनी सतराव्या शतकात इथे राज्य घेतलं, ते १८५५ पर्यंत टिकलं. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा सगळा इतिहास या भिंतीवर कोरवून घेतला. या देवळाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही त्या घराण्याकडे आहे. महाराष्ट्रातही इतका लांब शिलालेख मी पाहिलेला नाही. शब्द जुन्या वळणाचे, अक्षरं दाटीवाटीची, तरी बोट ठेवत गेले की नावं हाती लागतात: शहाजीराजे, शिवाजीराजे, एकोजीराजे. मी मोठ्याने वाचायला लागले. शेजारून जाणारा कॉलेजातला एक मुलगा थांबला, ही कुठली भाषा म्हणाला. सांगितलं. शिवाजी हे नाव ऐकताच त्याने मित्रांना हाक मारली. पाच-सहा पोरं भिंतीशी जमली, एकाने मोबाइलचा दिवा अक्षरांवर धरला, आणि सगळे मला म्हणताहेत: पुढचं वाचा, पुढचं!