गुहागर, कुंभार्ली आणि मागची काच

देशावरून कोकणात उतरायला घाट पुष्कळ आहेत आणि माणसांसारखा प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. आंबेनळीला महाबळेश्वरच्या शेजाराचा थोडा तोरा आहे. वरंध्याच्या धुक्याचे फोटो दरवर्षी पावसाळ्यात घरोघर पोचतात. कुंभार्लीचे तसे काही नाही. तो कामकरी घाट आहे. कराडची साखर, चिपळूणचा बाजार, बंदराकडे जाणारे ट्रक आणि मुंबईहून आलेल्या मुलाला भेटायला निघालेली म्हातारी माणसे, यांना वरखाली करण्यात त्याचा सगळा दिवस जातो. नटायला त्याला सवड नाही. मला हा घाट आवडतो तो त्याचमुळे.

गेल्या आश्विनात आम्ही चौघे, म्हणजे मी, सौ., कन्या आणि माझी आई, गुहागरला चार दिवस राहून आलो. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायची तारीख पुण्यात ठरली होती आणि त्याआधी एकदा समुद्र पाहून घ्यायचा, असे तिने जाहीर केले होते. "शस्त्रक्रियेनंतर जास्त चांगला दिसेल," असे कन्येने सांगून पाहिले. त्यावर आई म्हणाली, "तेव्हा चांगला पाहीन. आत्ता आहे तसा पाहते."

गुहागर हे वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेले असेल, म्हणून फार लांबण लावीत नाही. व्याडेश्वराचे देऊळ, नारळी-पोफळींच्या आगरांतून जाणारी अरुंद वाट, आणि ती वाट संपते न संपते तोच एकदम पुढे उघडणारा लांबच लांब किनारा. हे ज्याने एकदा पाहिले त्याला वर्णन नको आणि ज्याने पाहिले नाही त्याला वर्णनाने काही कळायचे नाही. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी उसळताना पाहायला मात्र वेळ साधून जावे. ओहोटीला गेलेली मंडळी नुसताच खडक पाहून, "एवढेच होय!" म्हणत परत येतात.

निघायच्या दिवशी सकाळी आमच्या मुक्कामाच्या अंगणात गवत काढण्याचे काम चालू होते. पाऊस संपला की कोकणात गवत कमरेएवढे झालेले असते. पूर्वी ते विळ्याने निघायचे, आता खांद्याला अडकवायच्या यंत्राने निघते. त्या यंत्राचे फिरते पाते गवताबरोबर खालचा खडाही उडवते, आणि खडा कोणत्या दिशेला जाईल हे त्या खड्यालाही ठाऊक नसते. मोटार यजमानांनी दाखवलेल्या जागी, चांगली वीस पावले लांब उभी होती. टक् असा आवाज झाला. सगळ्यांनी काच पाहिली. काच जागच्या जागी होती. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर अंतरावर, ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला होता.

यजमान बिचारे ओशाळले. काम करणारा मुलगा तर रडकुंडीला आला. सौ. म्हणाली, "अहो, एवढासा तर टवका आहे. पुढच्या काचेला मागे याच्या दुप्पट मोठा उडाला होता. तो नाही का त्या माणसाने डिंकासारखे काहीतरी भरून दिले? तीन वर्षे झाली, दिसतसुद्धा नाही." तिचे म्हणणे अनुभवाला धरून होते. पण चिपळुणात थांबून कोणाला तरी दाखवावे, असे ठरले.

गुहागर ते चिपळूण रस्ता पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास. चिपळुणात शिरताना वाशिष्ठी दिसते. आश्विनात ही नदी इतकी सोज्वळ असते, की 2021 च्या जुलैत हिने अर्धे गाव पाण्याखाली घातले होते यावर विश्वास बसत नाही. बाजारपेठेतली माणसे अजून बोलता बोलता भिंतीकडे हात करून पाण्याची पातळी दाखवतात. आम्ही ज्या काचवाल्याकडे गेलो त्याच्याही भिंतीवर, त्याच्या डोक्याच्या बरेच वर, रंगाने आखलेली रेघ होती. वयाने साठीचे, पांढरी दाढी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो.

चाचांनी टवक्याला हात लावला नाही. चष्मा चढवून, वाकून, बराच वेळ नुसते पाहिले. मग अंगठ्याचे नख त्यावरून अगदी हळू फिरवले. "अडकतंय," ते म्हणाले. "बदलावी लागेल."

सौ.ने पुढच्या काचेचा दाखला दिला. चाचा हसले. "वहिनी, पुढची काच आणि मागची काच, दोघींची जातच वेगळी." आणि त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यातल्या डब्यातून मूठभर दाणे काढून कन्येच्या ओंजळीत ओतले. खडीसाखरेसारखे, हिरवट झाक असलेले दाणे. "ही मागची काच. फुटली की अशी होते. तडा जात नाही, कोपरा तुटत नाही. एक तर पूर्ण आहे, नाही तर हे आहे."

त्यांनी जे समजावले ते असे. पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, पुरणपोळीसारखा. खडा लागला तर वरच्या काचेला लागतो, खालची शाबूत राहते. टवका नाण्याहून लहान असेल, कडेला नसेल आणि चालवणाराच्या नजरेच्या ऐन समोर नसेल, तर राळ भरून काम भागते. मागची काच एकेरी. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि थंड हवेच्या झोतांनी झटकन निववतात. बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला मागाहून निवतो आणि आकसू पाहतो, पण बाहेरचा त्याला आकसू देत नाही. म्हणून काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवर कायमचा दाब राहतो आणि पोटात कायमचा ताण. या दाबामुळेच ती साध्या काचेच्या कितीतरी पट बळकट होते. पण दाबाचा हा थर जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो. काच तीन मिलिमीटरची धरली, तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक. ओरखडा त्या थरात थांबला तर काच वर्षानुवर्षे टिकते. थर ओलांडून पोटातल्या ताणाला पोचला, की सगळे एका क्षणात संपते.

घरी आल्यावर मी याबद्दल थोडे वाचले. सतराव्या शतकात युरोपात वितळलेल्या काचेचे थेंब पाण्यात टाकून गंमत करीत. थेंबाचे डोके हातोडीने फुटत नसे, पण शेपटी चिमटीने मोडली की सगळा थेंब भुकटी होऊन उडे. राजपुत्र रूपर्टने हे थेंब इंग्लंडच्या राजाला नेऊन दाखवले, आणि रॉबर्ट हूक याने 1665 च्या आपल्या ग्रंथात त्यांच्यावर लिहिले. अशा काचेतून तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. म्हणजे गुहागरहून चिपळूण अर्ध्या मिनिटात! आमच्या एस.टी.ला हे सांगण्यात अर्थ नाही.

"मग दरेक ओरखड्याला काच बदलायची का?" मी चाचांना विचारले. माझा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी चहा सांगितला. वायपरने घासून आलेले चरे, नख अडकत नसेल तर, सोडून द्यावेत. काचेवरच्या तांबूस तारांपैकी, ज्या दव घालवायला असतात त्यांपैकी, एखादी तुटली तर वीज वाहून नेणारा रंग लावून जोडता येते. पाणी आत झिरपत असेल तर दोष बहुधा काचेचा नसतो, कडेच्या चिकटवणीचा असतो. तेवढी नवी करावी, मात्र लवकर, नाही तर खालचा पत्रा गंजतो. पण नख अडकेल असा टवका, आणि तोही कडेजवळ, असेल तर विचार करीत बसू नये. काचेची कड हे तिचे मर्मस्थान. "लोक मला विचारतात, किती दिवस चालेल? मी सांगतो, संध्याकाळपर्यंत किंवा दोन वर्षं. मधलं मला सांगता येत नाही."

अडचण पुढेच होती. आमच्या मोटारीची मागची काच चिपळुणात नव्हती. मागवली तर परवा दुपारी येणार. आणि आईला डॉक्टरांनी उद्या सकाळी तपासणीला बोलावले होते, परवा शस्त्रक्रिया. ही तारीख मिळायलाच दोन महिने लागले होते. सौ. म्हणाली, "तुम्ही थांबा मोटारीपाशी, आम्ही तिघी एस.टी.ने जातो." हा विचार वाईट नव्हता. पण आईला एस.टी.च्या पायऱ्या नीट दिसत नाहीत, आणि स्वारगेटला रात्री उतरायचे म्हणजे! दुसरीकडे, काच फुटायची ती घाटाच्या एखाद्या वळणावर फुटली तर? दाणे बोथट असतात हे खरे, पण मानेमागे बादलीभर दाणे एकदम कोसळल्यावर चालवणाराचा हात थरथरणार नाही, अशी खात्री कोणी द्यावी?

निर्णय शेवटी चाचांच्या तयारीवर झाला. त्यांनी काच पुसून कोरडी केली आणि आतल्या बाजूने रुंद पारदर्शक चिकटपट्टीचे आडवे पट्टे एकावर एक चढवून लावले. फुटलीच तर दाणे एकमेकांना धरून राहावेत म्हणून. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या काचेतून सत्तर टक्के उजेड आत आला पाहिजे, हे त्यांना तोंडपाठ होते, म्हणून पुठ्ठा किंवा काळा कागद त्यांनी साफ नाकारला. डिकीतले सामान काचेला टेकणार नाही असे रचले. दव घालवायचे बटण दाबायचे नाही. वातानुकूलन मंद ठेवायचे. डिकी आपटायची नाही, खरे तर उघडायचीच नाही. आणि मोटारीचे कोणतेही दार लावताना आधी एक खिडकी उघडायची, कारण बंद मोटारीचे दार लावले की आतली हवा काचेला धक्का देते. "आणि काच गेलीच," ते म्हणाले, "तर पुढच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून चालवा. मागची मोकळी राहिली की धुराड्याचा धूर आत ओढला जातो. त्याचा वास येईलच असं नाही. झोप येते, आणि तीच वाईट." कामाचे पैसे त्यांनी चिकटपट्टीपुरतेच घेतले.

आईला पुढे बसवले. आयुष्यात ती प्रथमच घाटात पुढे बसली होती. सौ. आणि कन्या मागे, डोक्याला आणि मानेला पंचे गुंडाळून. एखाद्या लढाईला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

शिरगाव, पोफळी मागे पडली आणि चढण सुरू झाली. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. पूर्वेला जाणारे पाणी येथे बोगद्यातून पश्चिमेला वळवले आहे. वीज करून झाली की ते वाशिष्ठीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. धरणाखाली उरलेली कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटून बंगालच्या उपसागराची वाट धरते. एकाच नदीचे दोन समुद्र! एरवी वर्गात मी यावर दहा मिनिटे बोललो असतो. त्या दिवशी माझे कान मागे होते. खड्डा आला की चौघेही गप्प. खड्डा गेला की चौघेही एकदम बोलत. आई ट्रकचे दिवे पाहून म्हणाली, "प्रत्येक दिव्याभोवती किरणं फुटलेली दिसतात बघ. मला तर सगळ्याच काचांना तडे गेलेत." त्यावर मागून कन्या हसली, आणि मग घाट थोडा सोपा झाला.

घाटमाथ्यावर वाऱ्याबरोबर पावसाची एक सर आली. उन्हाने तापलेल्या काचेवर गार पाणी. धड काचेला याचे काही वाटत नाही. टवका असलेलीचे सांगवत नाही. सर थांबेपर्यंत मी मोटार कडेला घेतली. थांबून उपयोग काय, हे मलाही कळत नव्हते. पाणी तर पडतच होते.

हेळवाकहून कोयनानगरकडे वळलो ते चहासाठी. तेथील नेहरू उद्यानाच्या बाजूने धरण दिसते. 103 मीटर उंचीचे हे धरण 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने हादरले. कोयनानगरची घरे पडली, माणसे गेली. धरण उभे राहिले, पण त्याच्या अंगावर, वरच्या भागात जेथे त्याची जाडी बदलते तेथे, आडव्या भेगा पडल्या. त्या वेळी इंजिनियरांपुढे काय प्रश्न असेल, याची मला त्या दिवशी प्रथमच नीट कल्पना आली. एवढे पाणी मागे टेकलेले, खाली कराडपर्यंत वस्ती, आणि समोर एक भेग. त्यांनी भेगांत राळ भरली, पोलादी तारांनी धरणाचे अंग ताणून बांधले आणि पुढे प्रवाहाच्या खालच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन ते जाड केले. काँक्रीटच्या पोटात काचेसारखा दडवलेला ताण नसतो, म्हणून तेथे भेगेशी बोलणी करता येतात. आई त्या बाजूला पाहत म्हणाली, "आपल्या घरातली फडताळातली भांडी पडली होती त्या पहाटे. तुझे आजोबा म्हणाले, मांजर असेल."

पाटण, मल्हारपेठ, उंब्रज. मोठ्या रस्त्याला लागल्यावर कन्या मागच्या मागे झोपली. रात्री साडेनऊला घरी पोचलो. काच शाबूत होती.

तिसऱ्या दिवशी, आईच्या डोळ्याचे काम नीट पार पडल्यावर, मी मोटार आमच्या नेहमीच्या गॅरेजात नेली. तेथल्या पोराला टवका दाखवला. तो म्हणाला, "साहेब, एवढ्यासाठी? चालली असती अजून." त्याने चिकटवण कापायला तार आत सरकवली आणि कोपऱ्यापाशी जराशी ओढली. फट् असा मोठा आवाज झाला. सगळी काच पांढरी झाली, आणि चिकटपट्टीवर एखाद्या ओल्या गोधडीसारखी आत लोंबली. तो पोरगा दोन पावले मागे सरला. मग त्याने ती गोधडी काळजीपूर्वक घडी करून, दोन हातांवर उचलून, कोपऱ्यातल्या पिंपात ठेवली.

नवी काच बसवून झाल्यावर चिकटवण वाळेपर्यंत मोटार तेथेच ठेवायला सांगितली, म्हणून मी रिक्षाने परतलो. चाचांना फोन करून कळवले. "कड," एवढेच ते म्हणाले, आणि आजींच्या डोळ्याची चौकशी केली. चिकटपट्टीतून निसटलेले दाणे पुढे शिमग्यापर्यंत डिकीच्या सांदीकोपऱ्यांतून निघत होते, गुहागरच्या वाळूत मिसळलेले.