उजवीकडून उघडणारे पुस्तक

दृष्टी मंदावली की मनुष्याचे वाचन आटते, हा सर्वांचाच अनुभव. परंतु वाचन हेच ज्याचे नित्यकर्म, त्याने काय करावे? आम्हांस गणित शिकविणारे गुरुजी बेने इस्रायल समाजाचे. आज त्यांचे वय ८४, वास्तव्य अहमदाबादेस. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि प्रार्थना हिब्रूतून, असा त्यांचा रिवाज. मोतीबिंदू काढल्यावरही प्रार्थनापुस्तकातील बारीक टाइप त्यांना वाचवेना. अश्दोदला स्थायिक झालेल्या त्यांच्या कन्येने ग्रंथांच्या ई-प्रती पाठविल्या, आणि यंत्र निवडण्याचे काम गुरुजींनी आमच्यावर सोपविले. "तू हेडमास्तर आहेस, तपासणीची तुला सवय," एवढेच ते म्हणाले.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हता. कोकणकिनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, तेच हे लोक. मधल्या दीर्घ काळात हिब्रू विसरली गेली, ओठांवर उरली ती 'शेमा' ही एकच प्रार्थना, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे अक्षरे परत आली. १८७४ साली तर पुण्यास हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. असे परत मिळालेले अक्षर डोळ्यांपायी पुन्हा गमवावे, हे गुरुजींस सोसवणारे नव्हते.

परिचितांकडून आम्ही तीन यंत्रे मागून आणली आणि तिन्हींवर स्तोत्रसंहितेचे एकच पान उघडले. पहिल्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी! संगणकावर आपली जोडाक्षरे फुटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस याचे नवल वाटणार नाही. दुसऱ्यावर अक्षरे उमटली, पण स्वरचिन्हे भलतीकडे सरकली. हिब्रूची मूळ अक्षरे २२, बहुतेक व्यंजनेच. स्वर दाखविणारे ठिपके व रेघा खाली-वर देतात. आजची वृत्तपत्रे व कादंबऱ्या या चिन्हांवाचून छापतात, प्रार्थनापुस्तके मात्र चिन्हांसह. म्हणून वृत्तपत्र नीट दिसले एवढ्यावर यंत्र पसंत करू नये. आणि 'हिब्रू' हे नाव यंत्राच्या भाषांच्या यादीत आहे की नाही, याला तर फारसे महत्त्वच नाही. यादी बहुधा यंत्राच्या सूचनांपुरती असते.

तिसरे यंत्र अँड्रॉइडवर चालणारे, पडदा आठ इंचांच्या आसपास. त्यात वाचनाचे ॲप आपल्या मनाप्रमाणे घालता येते. ओळी उजवीकडून सुरू झाल्या, पानेही त्याच दिशेने उलटली. पानांची ही दिशा ई-पुस्तकातच नोंदविण्याची सोय २०११ च्या ईपब ३ पासून झाली. जुन्या प्रतींत ती नसते. पीडीएफ प्रती आम्ही बाजूसच ठेवल्या. त्यांत अक्षर मोठे केले की ओळच पडद्याबाहेर जाते.

गुरुजींची कसोटी मात्र निराळी निघाली. त्यांनी 'शेमा' उघडावयास सांगितले आणि ओळीच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवले. ते 'दालेत'. त्याचा एक कोपरा गोल दिसला की 'रेश' होते, आणि 'एहाद' म्हणजे 'एक' याचे 'अहेर' म्हणजे 'दुसरा' होते. 'ईश्वर एक आहे' या वचनात केवढा हा अनर्थ! म्हणूनच तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत हे दालेत मुद्दाम मोठे काढण्याची प्रथा आहे. आम्ही टाइप दोन पायऱ्या वाढविला. कोपरा स्पष्ट दिसला. "घेऊ हेच," गुरुजी म्हणाले. आमची सारी तपासणी जे सांगू शकली नव्हती, ते त्या एका कोपऱ्याने सांगितले.

शब्बाथच्या दिवशी विद्युत् उपकरण चालवावयाचे नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हे यंत्र कपाटात जाते आणि शनिवारी भिंग व जुने पुस्तक बाहेर येते. भिंगातून फार वाचवत नाही. उरलेले गुरुजी पाठ म्हणतात. आठवड्याचे इतर सहा दिवस मोठ्या टाइपात वाचून ते पाठांतर पुन्हा पक्के करून घेतात, असे त्यांनीच आम्हांस कळविले आहे.

परवा त्यांनी नवीन तक्रार लिहिली. मराठी विवेचनात मध्येच हिब्रू शब्द आला की त्याचा कंस दुसऱ्याच टोकास जाऊन बसतो! पुढील महिन्यात आम्हांस अहमदाबादेस बोलाविले आहे.