एका भांड्याचे जेवण

विवाहपूर्व शिबिरात आम्ही गेली अनेक वर्षे एक ठरावीक व्याख्यान देत आलो आहोत. कुटुंबाने दिवसातून निदान एकदा तरी एकत्र बसून जेवावे, हा त्याचा विषय. एम्माऊसच्या भोजनापासून संध्याकाळच्या जपमाळेपर्यंतचे सारे दाखले आम्हाला मुखोद्गत आहेत. गेल्या पावसाळ्यातील शिबिरात मात्र व्याख्यान संपताच मागच्या बाकावरची एक तरुणी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘फादर, आम्ही दोघेही अंधेरीला नोकरी करतो. विरार गाडीतून उतरून घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजतात. एकत्र जेवायला आमची ना नाही. पण रांधायचे कोणी आणि केव्हा?’’

सभागृहात हशा पिकला. तिचा भावी पती खाली मान घालून बसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. उत्तर सुचले नव्हते असे नाही. व्यासपीठावरून ते सांगण्याचा धीर झाला नाही, इतकेच. कारण ते उत्तर म्हणजे चक्क एक पाककृती होती. त्या दिवशी राहिलेले ते उत्तर आज वाचकांसमोर ठेवीत आहोत.

२००२ साली आम्ही रोममध्ये शिकत होतो. त्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत दोन महिने आम्ही अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका लहान गावी मदतनीस धर्मगुरू म्हणून राहिलो. तेथील प्रमुख धर्मगुरूंनी सत्तरी ओलांडली होती. तीन-चार धर्मगुरूंसाठी बांधलेल्या त्या प्रशस्त निवासात ते एकटेच राहत. स्वयंपाकीण नव्हती. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास ते स्वयंपाकघरात शिरले, कमरेला एक जुना टॉवेल खोचला आणि म्हणाले, ‘‘फादर, अर्ध्या तासात जेवू. भांडे मात्र एकच घासायचे, हा या घरचा नियम.’’

जाड बुडाचे एक मोठे पातेले त्यांनी चुलीवर ठेवले. त्यात अर्धा किलो गोमांसाचा खिमा घातला. तेथील दुकानांत खिम्याच्या पाकिटावर मांस आणि चरबी यांचे प्रमाण छापलेले असते. त्यांचा खिमा ऐंशी टक्के मांस आणि वीस टक्के चरबी असा होता, त्यामुळे वेगळे तेल लागले नाही. खिमा त्यांनी सारखा हलवला नाही. तळाला खरपूस तपकिरी थर धरू दिला आणि मगच उलथला. सुटलेली जादा चरबी चमच्याने काढून टाकली. चिरलेला कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, मिरपूड, दोन चमचे टोमॅटोचा घट्ट गर हे सारे क्रमाने पडले. मग साडेतीन पेले मांसाचे सार ओतून त्यांनी बुडाला चिकटलेला थर लाकडी उलथन्याने खरवडून त्यात मिसळला. उकळी येताच तीनशे ग्रॅम पास्ता, शिंपल्यांच्या आकाराचा, कोराच त्यात टाकला आणि झाकण ठेवले. दहा-बारा मिनिटांत दोन-तीनदा ढवळले. शेवटी आच बंद करून अर्धा पेला क्रीम आणि मूठभर किसलेले चीज. एवढेच.

रोममधून आलेल्या आम्हाला हा प्रकार पाहून धक्का बसला, हे कबूल केले पाहिजे. रोममध्ये आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पास्त्याला जवळजवळ धर्मविधीचे स्थान होते. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. पाणी खळखळून उकळले पाहिजे. पास्ता निराळा शिजला पाहिजे, रस्सा निराळा. पास्ता मांसाच्या रश्श्यातच शिजवून वर क्रीम घालणे हे तेथे पाखंड ठरले असते. आम्ही तसे म्हणालो, तेव्हा ते वृद्ध धर्मगुरू हसले. ही युक्ती त्यांची नव्हतीच. जनरल मिल्स या अमेरिकी कंपनीने १९७१ साली ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचा खोका देशभर विकायला आणला. त्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याची पूड असे. गृहिणीने घरचा खिमा परतायचा, खोक्यातले जिन्नस आणि पाणी घालायचे, की एकाच कढईत सबंध कुटुंबाचे जेवण तयार. महागाईच्या त्या दिवसांत थोड्या मांसात अनेकांची पोटे भरत. फादरांनी खोका सोडून दिला होता आणि रीत ठेवली होती.

पहिला घास घेतला आणि आमचा रोमन अभिमान गळून पडला. रस दाट, मऊ आणि पास्त्याच्या प्रत्येक शिंपल्यात भरलेला. त्याचे कारणही साधे आहे. पास्ता शिजताना त्यातील पिष्ट पाण्यात उतरते. निराळे शिजवून पाणी ओतून दिले, की ते पिष्ट मोरीत जाते. त्याच भांड्यात राहिले, की तेच रश्श्याला दाटपणा देते. रोमचे आचारीही ते पाणी पळीभर राखून ठेवतात ते याचसाठी. खरे तर हे शिकायला आम्हाला ओहायोला जाण्याचे कारण नव्हते. आमची आई भाताची पेज कधी टाकून देत नसे. वाडीतून दमून आलेल्या संध्याकाळी पेज, मीठ आणि भाजलेला सुका बोंबील हेच आम्हा भावंडांचे जेवण असे.

एका गुरुवारी आम्ही आमच्या खोलीत प्रबंधाचे एक प्रकरण लिहीत बसलो होतो. खालून हाक आली. ‘‘आलोच,’’ असे म्हणून आम्ही लिहीत राहिलो. खाली उतरलो तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. फादर टेबलाशी बसून होते. दोन्ही ताटे कोरी. पातेल्यात डोकावलो तर पास्त्याने सारा रस पिऊन टाकला होता, आणि क्रीम, चीज, खिमा यांचा एक निबर गोळा झाला होता. आम्ही ओशाळलो. ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी अर्धा पेला दूध घातले, मंद आचेवर तो गोळा सैल केला आणि वाढले.

जेवता जेवता ते म्हणाले, ‘‘पास्ता थांबत नाही, फादर. म्हणून तर मी तो करतो.’’ मग त्यांनी आपली हकिगत सांगितली. पूर्वी त्यांच्याबरोबर दोन सहायक धर्मगुरू होते. प्रत्येकाच्या वेळा निराळ्या. प्रत्येकाचे ताट झाकून ठेवलेले. ज्याने त्याने यावे, गरम करावे आणि वर्तमानपत्र समोर धरून जेवावे. असे सहा वर्षे चालले. पुढे एकाची बदली झाली, तर दुसऱ्याने धर्मगुरुपदच सोडले. ‘‘तो गेला त्या दिवशी माझ्या ध्यानात आले,’’ ते म्हणाले, ‘‘की एका छपराखाली सहा वर्षे राहून त्याला काय सलत होते ते मला ठाऊकच नव्हते. मी विचारले नव्हते, असे नाही. विचारण्याइतका वेळ समोरासमोर बसलोच नव्हतो.’’

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. डोळ्यांपुढे उभे राहिले ते आमच्या घरचे झाकलेले ताट.

आमचे वडील लवकर गेले. थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, मुंबईत एका कारखान्यात पाळीवर जाऊ लागले. दुसऱ्या पाळीहून परतायला त्यांना रात्रीचा एक वाजे. आई पहाटे चारला उठून वाडीत जाणारी. ती दादांचे ताट वाढून, वर दुसरे ताट पालथे घालून झोपे. दादा येत, आमची झोप मोडू नये म्हणून मोठा दिवाही न लावता जेवत आणि ताट धुऊन ठेवीत. अंथरुणात पडल्या पडल्या तो ताटाचा हलका आवाज आम्ही कितीदा तरी ऐकला आहे. कधी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसलो नाही. त्यांच्या त्या पाळ्यांवरच आमचे कॉलेज झाले आणि पुढे गोरेगावच्या सेमिनरीत जाण्याची मोकळीकही मिळाली. झाकलेले ताट हे प्रेमच असते, यात शंका नाही. आईच्या ताटासारखे ताट जगात कोणी वाढले नसेल. पण ताट वाढणारी झोपलेली आणि जेवणारा एकटा, एवढी एक उणीव त्या प्रेमात राहून गेली होती.

रोमहून परतल्यावर दादांसाठी एकदा हे पातेले चढवायचे, असे आम्ही ठरवले. आज मिस्सा, उद्या सभा, परवा कोणाचे मयत, असे करता करता वर्ष गेले. अखेर २००५ साली एका मंगळवारी संध्याकाळी आम्ही सामान घेऊन घरी गेलो. वहिनींना स्वयंपाकघराबाहेर बसवले. त्यांना ते मुळीच रुचले नाही. दारातून त्या आम्हाला सूचना देत राहिल्या. साडेसातला पातेले थेट टेबलावर ठेवले. दादा, वहिनी, दोन्ही मुले आणि म्हातारी आई, सगळी एकदम बसली. दादांनी पहिला घास घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘फादर, मसाला रोमलाच विसरलास काय?’’ मग लोणच्याची बरणी मागवली आणि दोनदा वाढून घेतले. जेवण झाल्यावरही कोणी उठले नाही. कारखान्यातल्या रात्रींविषयी दादा त्या दिवशी प्रथमच बोलले, आणि आम्ही ऐकले.

२००७ साली हृदयविकाराने दादा गेले. नाताळ, सण आणि लग्ने सोडली तर आठवड्यातल्या साध्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर पोटभर जेवलो, असा तो एकच मंगळवार आमच्या आठवणीत आहे.

आता थोडे आपल्याकडच्या साहित्याविषयी. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. त्यामुळे येथे मिळते ते म्हशी-रेड्याचे मांस. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही; पातेल्यापुरते बोलतो. हे मांस कमी चरबीचे आणि राठ धाग्यांचे असते. खिमा बारीक करून घ्यावा, दोन चमचे तेलात परतावा आणि थोडे पाणी घालून कुकरला दोन-तीन शिट्या द्याव्यात. मग झाकण काढून त्याच कुकरात उरलेले पाणी आणि पास्ता घालावा. भांडे एकच राहते. पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचा पाहून घ्यावा, साध्या पिठाचा लगदा होतो. अमेरिकेतील घट्ट क्रीममध्ये स्निग्धांश निदान छत्तीस टक्के असतो, तर आपल्याकडील पाकिटातल्या ताज्या क्रीममध्ये पंचवीसच्या आसपास. ते उकळले तर फाटते. म्हणून आच बंद केल्यावरच घालावे. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी खिम्याऐवजी अळंबी घालावीत. दादांच्या स्मरणार्थ आम्ही लोणचे जवळ ठेवतो.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील एकविसावा अध्याय आम्हाला अलीकडे निराळा दिसू लागला आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकतात, पण रात्रीत त्यांच्या हाती काहीच लागत नाही. आजच्या भाषेत, रात्रपाळी करून येतात. पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर त्यांच्यासाठी कोळशाचा विस्तव पेटवून बसला आहे. त्यावर मासळी आहे, भाकर आहे. पक्वान्ने नाहीत. त्याने ताटे झाकून ठेवली नाहीत. तो स्वतः थांबला, त्यांना जेवायला बोलावले आणि हातांनी वाढले. पेत्राशी जे अवघड बोलायचे होते, ते त्याने सर्वांचे जेवण आटोपल्यानंतर काढले.

आमच्या धर्मगुरुनिवासात दर बुधवारी रात्री आठला हे पातेले टेबलावर येते. आमचे सहायक धर्मगुरू कांदा चिरतात, आम्ही खिमा परततो. हाक दिली, की ज्याने त्याने हातातले काम सोडून यायचे, हा नियम. त्या तरुणीचे लग्न जानेवारीत आमच्याच चर्चमध्ये झाले. तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे आमच्याकडे बाकी होते, म्हणून मागच्या महिन्यात एका बुधवारी दोघांना स्टेशनवरून परस्पर इकडेच बोलावले. कांदा तिच्या पतीने चिरला. पाऊण तासात सगळे जेवायला बसलो. दोघे उठले तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि घासायला भांडे एकच होते.