मोन्ते सांतोवरचा अर्धा मनोरा

पणजीहून मांडवीच्या काठाने जुन्या गोव्यात आलेले बहुतेक प्रवासी बॉम जीझस बासिलिका पाहून परततात. पश्चिमेकडचा चढ चढला की मोन्ते सांतो ही टेकडी लागते. तिच्यावर सेंट ऑगस्टीन चर्चचा ४६ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे; खरे तर त्याचा अर्धा भागच उरला आहे.

ऑगस्टिनियन संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. त्यांनी बांधलेले हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले आणि त्यांचा इथला मठ ओस पडला. देखभाल थांबल्यावर कोकणातल्या पावसाने काम सुरू केले. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंतीसह मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. मनोऱ्यातली मोठी घंटा मात्र वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसल्यावर चर्चचा आराखडा मोकळा झाला. शेजारच्या अखंड चर्चमध्ये गिलाव्याआड राहणारे बांधकाम इथे उघडे दिसते: छिद्राछिद्रांचा तांबूस जांभा, सांध्यांतला चुना, वेदीजवळच्या भिंतींना चिकटून राहिलेल्या रंगीत पोर्तुगीज फरशांचे तुकडे. जमिनीत कोरीव कुलचिन्हांच्या समाधिशिला आहेत. जुने गोवे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

या उत्खननातला सर्वांत विलक्षण शोध जॉर्जियाच्या राणी केतेवानचा. धर्मांतराला नकार दिल्याने इराणच्या शाह अब्बासच्या हुकमावरून १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला. ऑगस्टिनियनांनी तिचे काही अवशेष १६२७ मध्ये गोव्यात आणले आणि मठाच्या सभागृहात, एका खिडकीपाशी ठेवले. पोर्तुगीज कागदपत्रांतला हा उल्लेख धरूनच उत्खनकांनी ती खिडकी शोधली. एवढ्या पडझडीतून एक नेमकी खिडकी ओळखणे हे मोठे चिकाटीचे काम होते. मिळालेल्या हाडाची हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली. आईकडून येणारा त्यातला वंशगट भारतीय नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियन नमुन्यांत मात्र सापडला. २०२१ मध्ये भारत सरकारने या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.