मी झाले गुप्त ग्राहक!

मैत्रिणींनो, दुकानातून बाहेर पडल्यावर तुम्ही काय करता? पिशव्या सावरता, रिक्षा बघता आणि कुकर लावायचाय म्हणून भराभरा घर गाठता. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले. पण गेली दोन वर्षं कधीकधी माझी पावलं घराकडे न वळता समोरच्या रसवंतिगृहाकडे वळतात. एक ग्लास रस मागवायचा, कोपऱ्यातलं बाकडं धरायचं आणि पर्समधली छोटी वही काढून लिहीत सुटायचं. दुकानात किती वाजता शिरले, किती मिनिटांनी कुणी विचारपूस केली, तिच्या बिल्ल्यावर नाव काय होतं, ट्रायल रूमच्या आरशावर डाग होते का, बिल न मागता दिलं का! रसवाला मला कवयित्री समजतो. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही. करायचाही नसतो. कारण त्या वेळी मी असते 'गुप्त ग्राहक'. या कामाला 'मिस्टरी शॉपिंग' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, ही काय नवी भानगड? पण लहानपणी आपण ऐकलंय ना, राजा वेष पालटून रात्री नगरात फिरायचा आणि प्रजेचं सुखदुःख बघायचा. तसंच हे. फक्त इथे राजा स्वतः न येता तुमच्या-माझ्यासारखीला धाडतो. मोठ्या कंपन्यांची गावोगाव दुकानं असतात. आमच्या गावच्या दुकानात गिऱ्हाइकाशी कसं वागतात, ते लांबच्या शहरात बसलेल्या मालकाला कळावं कसं? मॅनेजरला विचारलं तर सगळं उत्तमच असतं. साहेब तपासणीला येणार म्हटलं की फरशीत तोंड दिसतं. म्हणून ते हे काम एखाद्या संस्थेकडे सोपवतात आणि ती संस्था साध्यासुध्या ग्राहकांना पाठवते. कपड्यांची दुकानं, मोबाइल, मोटारी, हॉटेलं, बँका, पेट्रोल पंप, सगळीकडे असे ग्राहक जाऊन येतात.

हे नाव १९४० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालं असं सांगतात. तेव्हा हेतू निराळा होता. गल्ल्यावरचा माणूस पैसे तर लाटत नाही ना, हे पाहायला माणसं पाठवत. पुढे चोर पकडण्यापेक्षा सेवा कशी मिळते ते पाहण्यावर भर आला. आणि हे फक्त दुकानदारांच्या फायद्याचं असतं असंही नाही हं. ब्रिटनमधल्या वित्त-नियामक संस्थेने २०१२ साली सहा मोठ्या बँका आणि वित्तसंस्थांत गुप्त ग्राहकांच्या अशा २३१ भेटी घडवून आणल्या होत्या. पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला विचारायला! सुमारे चौथा हिस्सा भेटींत सल्ला धड मिळाला नाही, हे २०१३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे आपल्यासारख्यांच्या बचतीचाच प्रश्न की तो.

आता मी यात कशी शिरले ते सांगते. सुरुवात फजितीनेच झाली. धाकट्या जावेने मोबाइलवर एक जाहिरात पाठवली : 'खरेदी करा आणि रोज २००० रुपये मिळवा.' मी हरखले. खरेदी करायची आणि वर पैसे! फोन केला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की विचारू नका. नोंदणीचे १५०० रुपये भरा म्हणाला, 'पहिल्याच कामात वसूल होतील, ताई.' मी पैसे पाठवायच्या बेतात होते, तेवढ्यात आमचे 'हे' पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काम करून घेणारा पैसे देतो. मागतो कशाला?"

बाई गं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती! तेव्हा पहिला धडा हाच गाठीला बांधा. खरी संस्था नोंदणीचे, ट्रेनिंगचे, ओळखपत्राचे, कसलेही पैसे मागत नाही. दुसरी एक युक्ती परदेशात फार चालते. मोठ्या रकमेचा चेक आधी पाठवायचा, 'तुमची फी ठेवून बाकीचे आम्हांला परत करा' म्हणायचं, आणि आपण पैसे पाठवल्यावर तो चेक वटतच नाही. आपल्याकडे मोबाइलवर 'टास्क' म्हणून आधी शे-दोनशे रुपये हातावर ठेवतात आणि मग हजारो भरायला लावतात. ओटीपी किंवा पिन मागितला की फोन ठेवून द्यायचा. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरावर ताबडतोब तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवायची आशा कमी.

खरी वाट मला दाखवली माझ्या नणंदेच्या मुलीने. ती पुण्याला एका मॉलमध्ये काउंटरवर काम करते. "मामी," ती म्हणाली, "आमच्याकडेही अशी माणसं येऊन जातात. आम्हांला कळतच नाही कोण ते." तिच्या ओळखीच्या एका मुलीने हे काम केलं होतं. तिच्याकडून संस्थेचं नाव मिळालं. अशी ओळख नसली तरी अडत नाही. या धंद्यातल्या संस्थांची 'एमएसपीए' नावाची जागतिक संघटना आहे. सभासद संस्थांची नावं तिथे बघता येतात.

नोंदणीच्या वेळी त्यांनी माझं गाव, वय, शिक्षण, घरी गाडी आहे का, कुठल्या भाषा येतात, असं सगळं विचारलं. पैसे जमा करायला बँकेचा खाते क्रमांक आणि पॅन नंबर घेतला. मग एक छोटी परीक्षा. माझा इंग्रजीचा धसका तुम्हांला काय सांगू! पण अवघड काही नव्हतं. दोन पानांच्या सूचना वाचायच्या आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. नीट वाचता का, एवढंच ते बघतात. ओळखीचं किंवा नात्यातलं माणूस जिथे काम करतं, ते दुकान घ्यायचं नाही. आपण कोण आहोत हे तिथे कळू द्यायचं नाही, आणि नंतरही कुठे बोभाटा करायचा नाही. म्हणून तर तुम्हांलाही मी नाव-गाव सांगत नाही!

तीन आठवड्यांनी पहिलं काम आलं. कपड्यांचं दुकान. कुर्ता बघायचा, आपल्या मापाचा मांडणीत नसला तर मागायचा, घालून बघायचा आणि विकत घ्यायचा. ६०० रुपयांपर्यंतचं बिल ते देणार आणि वर ३५० रुपये फी. दुकानात शिरल्यापासून कोणी विचारपूस करेपर्यंत किती वेळ गेला, तो मिनिट-सेकंदांत लिहायचा. आता सारखं घड्याळात बघितलं तर संशय येणार. मी युक्ती काढली. ह्यांना मोबाइलवर निरोप पाठवायचे, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. दारात शिरताना लिहिलं, 'आले.' कुर्ते पहिल्या मजल्यावर होते. जिना चढून लिहिलं, 'वर गेले.' झालं! ह्यांचा घाबराघुबरा फोन. "अगं, वर गेले म्हणजे काय? कोण गेलं?" अख्खं दुकान माझ्याकडे बघतंय आणि मी म्हणतेय, "कुणी नाही हो, मीच."

वरच्या मजल्यावर एकच मुलगी होती. वीस-बावीसची असेल. माझ्याकडे यायला तिला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. आली ती चेहरा ओढलेला. "बोला," एवढंच म्हणाली. मी माप सांगितलं. तिने कुर्ता आणून दिला, ट्रायल रूम दाखवली, आणि मी बाहेर येईपर्यंत खांबाला टेकून उभी राहिली. हसली म्हणून नाही.

मी रसवंतिगृहात बसून फणफणत लिहिलं आणि रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर अहवाल भरायला बसले. एकूण पासष्ट प्रश्न! 'विक्रेत्याने हसून स्वागत केलं का?' नाही. 'शेरा?' मी ठोकून दिलं : 'मुलगी उद्धट होती.' पाठवून दिलं आणि समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी अहवाल परत. संस्थेतल्या तपासनीस बाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'उद्धट हा तुमचा निष्कर्ष झाला. काय पाहिलं, काय ऐकलं, ते लिहा.'

मी वही उघडली. ती उद्धट काय बोलली होती? काहीच नाही. मग मला का राग आला? मला थांबावं लागलं म्हणून. आणि का थांबावं लागलं? कारण त्या सहा मिनिटांत तिने आणखी तिघींना कपडे दाखवले होते, ढीग घड्या करून ठेवला होता, आणि नंतर माझं माप आणायला खाली गोदामात जाऊन आली होती. हे सगळं माझ्या वहीत होतं, मैत्रिणींनो. अहवालात मात्र मी त्यातलं काहीच लिहिलं नव्हतं.

दुकानाचं नाव न सांगता मी भाचीला फोन केला. म्हटलं, जाऊ दे, 'हसली' असंच लिहून टाकू का? बिचारीचं नुकसान कशाला?

भाची जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामी, गेल्या वर्षी माझ्याबद्दल कुणीतरी 'हसली नाही' असं लिहिलं होतं. त्या महिन्याचा माझा इन्सेंटिव्ह कापला. त्या दिवशी मी अंगात ताप घेऊन उभी होते. त्या बाईंनी खोटं नव्हतं लिहिलं हो. पण तेवढंच लिहिलं होतं."

उभी होते! हा शब्द माझ्या मनात रुतला. सकाळी दहा ते रात्री नऊ उभ्याने काम. भाचीचे पाय संध्याकाळी सुजतात, हे नणंद कितीदा सांगत होती. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला मिळालंच पाहिजे असा कायदा केला. बसू द्यावं एवढ्यासाठी कायदा करावा लागतो, यातच काय ते समजा. आणि मी, घरात ओट्याशी उभं राहून पाठ धरली की कुरकुरणारी, खांबाला टेकलेल्या मुलीला उद्धट म्हणून मोकळी झाले होते.

मी अहवाल पुन्हा लिहिला. 'हसून स्वागत केलं का?' याचं उत्तर 'नाही' हेच ठेवलं. खोटं लिहिलं असतं तर तो कागद कुणाच्याच कामाचा राहिला नसता. पण शेऱ्यात सगळं लिहिलं. एका मजल्यावर एकच मुलगी, चार गिऱ्हाइकं, दोनदा जिना, बसायला स्टूल नाही. माप तिने न कुरकुरता आणलं, तेही लिहिलं. या वेळी अहवाल परत आला नाही. दीड महिन्याने पैसे जमा झाले.

दिवाळीत मी माझ्या खऱ्या खरेदीसाठी त्या दुकानात गेले. ती मुलगी दिसली नाही. दुसरीच होती, तीही उभीच. आधीच्या मुलीबद्दल विचारावंसं फार वाटलं. पण कुठल्या नात्याने विचारणार? गुप्त राहायचं कबूल केलेलं. तिची बदली झाली असेल, लग्न ठरलं असेल, दुसरी नोकरी मिळाली असेल. मी मनाशी असंच म्हणते. पण आजही अहवाल पाठवायच्या आधी ती खांबाला टेकलेली मुलगी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि मी पुन्हा एकदा वही चाळते. पाहिलेलं काही लिहायचं राहिलं तर नाही ना?

आता हिशेब. यावर घर चालेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काम महिन्यात एखादं मिळतं, कधी दोन, कधी एकही नाही. तेच दुकान पुन्हा लगेच देत नाहीत. खरेदीचे पैसे आधी आपल्या पदरचे जातात, मागाहून मिळतात, आणि बिल हरवलं की तेही गेले. पहिल्या वेळी रिक्षाचे ८० रुपये गेले, दुकानात पाऊण तास आणि अहवालाला अडीच तास. पण चार पैसे स्वतःचे मिळतात. आणि आपली नजर, जी आजवर भाजीवाल्याच्या काट्यावर आणि धोब्याच्या इस्त्रीवरच फिरत होती, तिची कुणीतरी किंमत करतं, याचं सुख निराळंच.

एक गोष्ट तर फुकटच पदरात पडली. पंपासाठीच्या सूचना वाचताना कळलं की मापाचा संशय आला तर कुठल्याही पेट्रोल पंपावर पाच लिटरचं सरकारी छापाचं माप मागून तपासून घेता येतं, आणि त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आता हे पंपावर गाडी थांबवतात आणि माझ्याकडे बघतात!

तेव्हा कुणाला हे काम करून बघायचं असेल तर जरूर करा. नोंदणीला पैसे देऊ नका, सूचना दोनदा वाचा, बिल जपा. आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या तपासनीस बाईंचं वाक्य लिहून ठेवा : काय पाहिलं, काय ऐकलं, ते लिहा. त्याखाली मी माझ्यापुरती एक ओळ घातली आहे : सगळं लिही. कारण पलीकडे काउंटरवर उभी असलेली मुलगी कुणाची तरी भाची असते.