कार्सनचें उत्तर

एडवर्ड कार्सन हें नांव मराठी वाचकास आठवलेंच, तर ऑस्कर वाइल्डच्या खटल्यामुळें आठवेल. १८९५ सालीं या डब्लिनच्या बॅरिस्टरानें आपल्याच कॉलेजांतील जुन्या सोबत्याची उलटतपासणी केली व तींत वाइल्डच्या आयुष्याची माती झाली. मला मात्र कार्सन भेटला तो आमच्या घटनासमितीच्या कामकाजाच्या जाडजूड खंडांत. आणि तेथें त्याला आणून उभें केलें होतें दुसऱ्या एका बॅरिस्टरानें.

४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकर घटनेचा मसुदा मांडीत होते. हैदराबाद संस्थान, व त्याबरोबर आमचें औरंगाबाद (आजचें छत्रपती संभाजीनगर), भारतांत येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. अल्पसंख्यांच्या संरक्षणांवर चिडणाऱ्यांना उद्देशून त्यांनीं आयर्लंडच्या फाळणीपूर्वीची एक हकीकत सांगितली. आयर्लंड एक राहावें म्हणून रेडमंडनें कार्सनपुढें प्रॉटेस्टंटांसाठीं हवीं तीं संरक्षणें ठेविलीं. कार्सननें तीं शिवी हासडून झिडकारलीं. त्याला त्यांचें राज्यच नको होतें. भारतांतील कोणत्याही अल्पसंख्य समाजानें असा पवित्रा घेतलेला नाहीं, त्यांनीं आपलें अस्तित्व बहुसंख्यांच्या हातीं सोंपविलें आहे, असें आंबेडकरांनीं पुढें जोडलें. (फाळणी होऊन वर्षच लोटलें होतें, तेव्हां हें विधान मागें राहिलेल्यांपुरतेंच घ्यावयाचें.)

कार्सन मूळचा अल्स्टरचा नव्हेच. १८५४ सालीं डब्लिनमध्यें जन्मलेला हा मनुष्य पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथल्याच ट्रिनिटी कॉलेजच्या वतीनें पार्लमेंटांत बसला. ब्रिटनशीं आयर्लंडचा संयोग टिकावा, एवढेंच त्याचें राजकारण. २८ सप्टेंबर १९१२ रोजीं बेलफास्टच्या नगरभवनांत प्रतिज्ञापत्रावर पहिली सही त्यानें केली. पाठोपाठ, स्त्रियांचें निराळें पत्रक धरून, पावणेपांच लाखांच्या आसपास सह्या झाल्या. पुढील वर्षीं स्वयंसेवकांची फौज उभी राहिली, १९१४ मध्यें चोरून बंदुका आल्या. कायद्याचा एवढा पंडित, पण कायदा मोडण्याची कवाईत त्याच्यापुढें चाले! अखेर १९२० च्या कायद्यानें अल्स्टरच्या नऊ परगण्यांपैकीं सहा निराळे काढले आणि कार्सनचें डब्लिन रेषेच्या पलीकडे गेलें. डिसेंबर १९२१ मध्यें लॉर्डांच्या सभेंत तो बोलला, तें वाचून त्याच्या शत्रूलाही वाईट वाटावें. एका पक्षाला सत्ता मिळावी म्हणून चाललेल्या खेळांतलें आपण बाहुलें होतों, हें त्यानें स्वतःच्या तोंडानें सांगितलें.

१९२२ सालीं ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या आंबेडकरांना कार्सनचें उत्तर देण्यास कारणें कमी होतीं काय? १९२७ चें महाडचें तळें, १९३० पासूनचा काळाराम मंदिराचा दरवाजा, १९३२ चा पुणें करार: यांतील एकेक प्रसंग मनुष्याला कार्सन बनविण्यास पुरेसा आहे. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेंत दलितांसाठीं स्वतंत्र वसाहतींची मागणी झालीही. पण कार्सनपाशीं सलग अल्स्टर होतें. महारवाडा हा हरएक गांवाच्या वेशीबाहेर. त्याच्याभोंवतीं सरहद्द आंखणार कशी? जें कार्सननें लाथाडलें, तें आंबेडकरांनीं कलमाकलमानें लिहून घेतलें. यांत निव्वळ नाइलाज पाहणें मला पटत नाहीं. कोणत्याही घटकराज्यास संघांतून फुटण्याचा हक्क नाहीं, हें त्यांनीं त्याच भाषणांत बजावलें. आणि आमच्या संस्थानांतील दलितांनीं निजामाची व इत्तेहादची बाजू घेऊं नये, असें पत्रक तर त्यांनीं १९४७ च्या नोव्हेंबरांतच काढलें होतें.

आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यांत सवलतींचा विषय निघाला, कीं "आणखी किती दिवस?" हा प्रश्न चहाबरोबर येतो. तो विचारणारे बहुधा सज्जन असतात. मला त्यांच्या हातीं तें भाषण द्यावेंसें वाटतें. सौदा दोघांचा होता. समोरच्यानें आपला हप्ता १९४८ मध्येंच भरला आहे.

आमचा हप्ता कसा भरला गेला, याचा हिशेब याच शहरांत पाहावयास सांपडतो. १९५० च्या जूनमध्यें आंबेडकरांच्या संस्थेनें येथें कॉलेज काढलें. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसादांनीं इमारतीची कोनशिला बसविली. कॉलेजास नांव मिळालें मिलिंदाचें, आणि परिसर झाला नागसेनवन. भिक्षु नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारून, समाधान होतांच हार कबूल करणारा तो यवन राजा! बॅरिस्टराला तो आवडावा यांत नवल नाहीं. २७ जुलै १९७८ रोजीं मराठवाडा विद्यापीठास आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळांत झाला, आणि मराठवाड्याच्या गांवांतून दलितांचीं घरें पेटलीं. माणसें मेलीं. कित्येक सुशिक्षितांनीं तेव्हां "नांवानें काय होतें?" एवढेंच विचारलें. नांव बदललें तें १४ जानेवारी १९९४ रोजीं, साडेपंधरा वर्षांनीं. आणि तेंही मराठवाड्याचें नांव सोबत ठेवून.