घर एक, जिल्हे तीन

दिवाळीच्या सुट्टीत लोक समुद्रावर जातात. आम्ही मुंबईकर, समुद्र दाराशीच, म्हणून यंदा उलट्या दिशेला निघालो. सूनबाईंना खरे तर गोवा हवा होता. पण धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, घराला गिऱ्हाईक मिळालं, सहीला या." म्हटले, विकण्याआधी नातवाला घर तरी दाखवू.

बल्लारशाला गाडी सोडून वर्धा ओलांडली की राजुरा. पावसाळ्यात नदी फुगली की हा रस्ता अजूनही बंद पडतो. माझ्या लहानपणी पलीकडचा चांदा म्हणजे परमुलूख. आम्ही निजामाच्या राज्यातले, जिल्हा आदिलाबाद. १९४८ साली संस्थान भारतात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तालुका नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे आला. (चांद्याचे चंद्रपूर झाले ते पुढे.) आजी म्हणायची, "मी चुलीपासून हलली नाही, अन् तीन जिल्हे फिरून आली!" घराचे जुने खरेदीखत उर्दूत आहे. आता घरात ते वाचणारे कोणी नाही.

घर उभे होते. कवेलू काळवंडले होते. सास्तीच्या कोळसा खाणी काही दूर नाहीत. आत शिरताच जुन्या लाकडाचा वास आला आणि मी थोडा वेळ बोललोच नाही. शेजारच्या काकूंनी मात्र लगेच हाक मारली, "कवा आलास रे? जेवून जाजो!" ऐंशी उलटलेल्या माणसाला 'रे' म्हणणारे आता दुसरीकडे कोण आहे?

नातू ओसरीवर उड्या मारीत होता. "आजोबा, इथे समुद्र नाही?" मी म्हटले, "तू त्याच्याच तळावर उभा आहेस." ओसरीच्या फरशा चुनखडीच्या. हा दगड प्राचीन समुद्राच्या तळाशी साचला, आपल्या कोळशाच्याही कितीतरी आधी. गडचांदूरकडे तोच खणून, भट्टीत भाजून सिमेंट करतात. गिऱ्हाईक इथे सिमेंटची इमारत उठवणार आहे; म्हणजे फरशा उखडून त्यांच्याच भाऊबंदांची भुकटी ओतणार! पोरगा पालथा पडून फरशीला कान लावून बसला.

सही मी केली. भावाला मुलीचे लग्न काढायचे आहे. फक्त ओसरीची एक फरशी मागून घेतली. बल्लारशाच्या फलाटावर हमालाने पिशवी उचलून पाहिली आणि दुप्पट पैसे सांगितले. सूनबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी मुकाट्याने दिले.